चांदीचा रुपया, सोन्याचा पौंड आणि मोजपट्टीचा वाद

 

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीने आम्ही इथल्या स्टेशनात उतरलो, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. येताना वाटेवर दोन्ही अंगांना कारखाने लागले. पत्र्याच्या शेडखाली ओळीने उभ्या पांढऱ्या मूर्ती, डोळ्यांची आखणी अजून व्हायची. एका कारखान्यात चहा झाला. मालकांनी आजचा विषय विचारला. आम्ही सांगितला: इंग्लंडात सोन्याचं नाणं असावं की चांदीचं, यावर झालेला वाद. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सर, त्यांच्या भांडणाचं आम्हाला काय?"

प्रश्न रास्त आहे. आम्ही त्यांना उलट विचारलं, "तुम्ही मूर्तीची ऑर्डर कशी घेता?" म्हणाले, "फुटावर. दीड फूट, दोन फूट, अमुक इतके नग." आम्ही म्हटलं, समजा ऑर्डर घेतली माघात आणि माल द्यायचा श्रावणात. मधल्या काळात कोणीतरी फूटपट्टीच लांब केली. कागदावर दोनच फूट, पण ते दोन फूट आता पूर्वीच्या सव्वादोन फुटांएवढे. भाव तोच. मग जास्तीची माती, जास्तीचा रंग कोणाच्या पदरचा? ते हसले. "आमच्याच की!" आणि पट्टी आखूड झाली तर? "मग व्यापारी बोंब मारील."

आजचं सगळं व्याख्यान खरं म्हणजे त्या चहाच्या कपातच झालं. आमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, अर्थशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. पण मोजणारी वस्तूच हलत असेल तर मोजमापाचा अर्थ काय, हा प्रश्न आमच्या घरचा आहे. पैसा ही वस्तू मोजायची पट्टी आहेच, त्याहून जास्त ती वचनं मोजायची पट्टी आहे. कर्ज, मजुरी, खंड, सारा, पेन्शन ही सगळी आज दिलेली आणि उद्या पाळायची वचनं. पट्टी सोन्याची की चांदीची, या वादाच्या आत दुसरा वाद दडलेला असतो: पट्टी हलली तर तोटा कोणी सोसायचा? आम्ही आज तेवढाच धागा धरून चालणार आहोत.

सुरुवात लंडनपासून करायची गरज नाही. इथून जवळच्या रायगडावरून करू. १६७४च्या राज्याभिषेकाला मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला होता. त्याची वाटही बघा: चौलहून होडीने अष्टमीला, म्हणजे आपल्या रोह्याच्या पलीकडे, तिथून निजामपूर, आणि मग पाचाडवरून वर गडावर. इंग्रजांनी तहाची कलमं आणली होती. त्यातलं एक कलम असं, की आमचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. बाकीची बहुतेक कलमं मान्य झाली, यावर मात्र महाराज अडले. त्यांच्या उत्तराचा आशय असा की नाणं चालवण्याची सक्ती करणारं कलम घालायचं कारण नाही. ज्या नाण्यात रयतेला तोटा येईल ते घ्या असं मी तिला सांगू शकत नाही. तुमचं नाणं मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकं कसाचं आणि वजनाचं असेल तर ते आपोआप चालेल, मी मनाई करणार नाही.

या उत्तरावर आम्ही कित्येक वर्षं विचार करत आलो आहोत. नुकताच अभिषेक झालेला राजा. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई स्वतःच्या नावाने पाडलेली. नाण्यावर हुकूम चालवायची संधी समोर आलेली. आणि तो म्हणतो, नाण्याची किंमत त्याच्या धातूत आहे, माझ्या हुकुमात नाही. आजचा अर्थशास्त्री याला भाबडेपणा म्हणेल, कारण आज आपण कागदावर जगतो. तरी "रयतेला तोटा येईल" हे शब्द लक्षात ठेवा. पुढे २२० वर्षांनी याच प्रश्नावर दुसऱ्या एका सरकारने अगदी उलट उत्तर दिलं.

आता इंग्लंडकडे. तिथे सोनं आणि चांदी दोन्ही नाणी चालत, आणि दोन धातू एकत्र चालवायचे म्हणजे त्यांचा आपसातला भाव कायद्याने बांधावा लागतो. बाजार काही कायदा वाचत नाही. आपल्या खिशात एक फाटकी नोट आणि एक कोरी असेल तर आपण आधी कोणती खपवतो? फाटकी. कोरी मागे राहते. तसंच ज्या धातूला कायद्याने बाजारापेक्षा जास्त भाव दिला तो चलनात राहतो, आणि दुसरा वितळून बाहेरच्या देशात जातो. इंग्लंडात सोन्याला जास्त भाव होता म्हणून चांदी पळत होती. चौकशी सोपवली टांकसाळीच्या प्रमुखाकडे. हा प्रमुख म्हणजे आयझॅक न्यूटन, सफरचंदवाला. १७१७ साली त्याने अहवाल दिला, आणि सोन्याच्या गिनीचा भाव साडेएकवीस शिलिंगांवरून एकवीस शिलिंगांवर आणला गेला.

त्या अहवालात हिंदुस्थान आहे. न्यूटन लिहितो की एक भाग सोन्याला चीन-जपानात नऊ-दहा भाग चांदी पडते, हिंदुस्थानात सुमारे बारा, आणि युरोपात त्याहून बरीच जास्त. म्हणून युरोपची चांदी पूर्वेकडे ओढली जाते. म्हणजे इंग्लंडातून निसटणारी चांदी कंपनीच्या गलबतांतून सुरत-मुंबईला उतरत होती आणि तिचे रुपये पडत होते. न्यूटनचं गणित पुरेसं पडलं नाही. एकवीस शिलिंगांतही सोनं महागच धरलं गेलं होतं. चांदी जात राहिली, आणि कोणी मुद्दाम ठरवलं नसतानाही इंग्लंड सोन्यावर येऊन बसलं. शंभर वर्षांनी, १८१६च्या कायद्याने, त्यावर शिक्कामोर्तब झालं. चांदीचं नाणं चाळीस शिलिंगांपर्यंतच्या देण्यापुरतं, सुट्ट्या पैशांसारखं उरलं.

मधे फ्रान्सशी युद्ध झालं. १७९७ साली बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं, भाव चढले, आणि लढाई संपल्यावर जुन्या दराने सोन्यावर परतायचं की नाही यावर रणं माजली. रिकार्डो परतण्याच्या बाजूने होता. बर्मिंगहॅमचा पेढीवाला थॉमस ॲटवूड ओरडून सांगत होता की कर्ज झालं हलक्या पैशात, फेड होणार जड पैशात, यात कारखानदार आणि कामगार मरतील. १८१९ला कायदा झाला, १८२१ला सोनं पुन्हा मिळू लागलं, भाव पडले. ज्यांच्याकडे सरकारी कर्जरोखे होते त्यांचं भलं झालं. फूटपट्टी लांब झाली होती आणि माती घालणारे वेगळे होते.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? पेशवाईच्या अखेरीस नाण्यांचा नुसता बाजार होता. अंकुशी, चांदवडी, हाळी, किती म्हणून रुपये! प्रत्येकाचा कस वेगळा, प्रत्येकावर सराफाचा बट्टा वेगळा. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या टांकसाळींवर एक निबंध लिहिला आहे. आवड असेल त्यांनी तो जरूर मिळवून वाचावा. १८३५ साली कंपनीने हे सगळं मोडून एकच रुपया केला: एक तोळा वजन, त्यातले बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी. सोन्याचं नाणं कायदेशीर चलन राहिलं नाही. म्हणजे राज्यकर्त्याच्या घरी सोनं आणि रयतेच्या घरी चांदी. चाळीसेक वर्षं याचा फारसा त्रास झाला नाही, कारण रुपयाला साधारण दोन शिलिंग पडत. दहा रुपयांचा एक पौंड. हिशेबाला सोपं.

एक गोष्ट इथे नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. टांकसाळ सर्वांना उघडी होती. कोणीही चांदी न्यावी आणि रुपये आणावेत. नाण्याच्या कसाची १००० तोळे चांदी दिली की ९७९ रुपये हातात पडत, उरलेले घडणावळीचे. त्यामुळे बायकोच्या पायातले वाळे, तोडे, कमरेची साखळी म्हणजे घरात ठेवलेले रुपयेच. मिठागरावर राबणाऱ्याला आणि भातशेती करणाऱ्याला बँक कुठली? अंगावरची चांदी हीच त्यांची बँक.

१८७१नंतर जग बदललं. जर्मनीने चांदी सोडून सोनं धरलं. फ्रान्स आणि त्याच्या जोडीच्या देशांनी चांदीची मुक्त नाणेपाडणी आवरली, अमेरिकेनेही. त्यात अमेरिकेच्या खाणींतून चांदीचा पूर लोटला. चांदी पडू लागली आणि तिच्यासोबत रुपया. दोन शिलिंगांचा रुपया १८९२-९३पर्यंत सव्वा शिलिंगावर आला.

यात पहिला कळवळला तो हिंदुस्थान सरकारचा खजिना. लंडनला दरवर्षी पाठवायचे 'होम चार्जेस', म्हणजे निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शनं, रेल्वेच्या भांडवलावरचं व्याज, इंडिया ऑफिसचा खर्च, हे सगळं पौंडात, आणि सारा गोळा व्हायचा रुपयांत. १८९२-९३ साली सुमारे १ कोटी ६५ लाख पौंड पाठवायला जवळजवळ २६ कोटी ४८ लाख रुपये लागले. हीच रक्कम १८७३-७४च्या हुंडणावळीने पावणेअठरा कोटींत भागली असती. वर्षाला पावणेनऊ कोटींचा खड्डा.

आणि गंमत बघा, खुद्द इंग्लंडात यावर एकमत नव्हतं. मँचेस्टरच्या कापडवाल्यांना चांदी पुन्हा उचलून धरायला हवी होती, दोन्ही धातू चालवायला हवे होते. त्यांना हिंदुस्थानची कणव आली होती असं समजू नका. रुपया पडला की त्यांचं कापड इथे महाग व्हायचं, आणि मुंबईच्या गिरण्यांचं सूत चीनमध्ये, जिथे चांदीच चालत होती, स्वस्तात जायचं. लंडनच्या पेढ्यांना मात्र सोनंच हवं होतं, कारण साऱ्या जगाने त्यांचं देणं सोन्यात द्यायचं होतं. १८८६ ते १८८८ असं रॉयल कमिशन बसलं. बारा सभासद, सहा एका बाजूला, सहा दुसऱ्या. इतकी हुशार माणसं दोन वर्षं बसून निम्मीनिम्मी फुटतात, तेव्हा तो वाद ज्ञानाचा कमी आणि हिताचा जास्त असतो, असं आमचं मत आहे.

इंग्लंड हललं नाही. ब्रसेल्सची आंतरराष्ट्रीय परिषदही १८९२ला फिसकटली. मग लॉर्ड हर्शेल यांच्या समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थानच्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या. मुंबईच्या फोर्टातली टांकसाळ आपण सगळ्यांनी बाहेरून पाहिली आहे. तिचं दार त्या दिवशी चांदी घेऊन येणाऱ्याला मिटलं. रुपया तसाच दिसत राहिला, तेवढाच जड, तेवढ्याच चांदीचा. फक्त आता तो सरकार पाडेल तेवढाच. टंचाई करून त्याचा भाव चढवायचा बेत होता, आणि काही वर्षांत तो साधला. १८९९ला सोळा पेन्सांचा, म्हणजे एक शिलिंग चार पेन्सांचा रुपया ठरला. पंधरा रुपयांचा सॉव्हरिन. त्या रुपयातली चांदी मात्र जेमतेम दहा पेन्सांची.

आता पुन्हा त्या वाळ्या-तोड्यांकडे या. १८९३च्या आधी नाण्याच्या कसाचे १०० तोळे मोडले तर सुमारे ९८ रुपये. १८९९च्या चांदीच्या भावाने हिशेब मांडला तर ६३-६४. कोणी घरात शिरलं नाही, पेटी फोडली नाही, आणि तिजोरीतला तिसरा हिस्सा गेला. तोही कधी? १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन भीषण दुष्काळांच्या काळात, जेव्हा माणसं अंगावरची चांदी मोडून पोटाला खात होती.

दादाभाई नौरोजींनी याचा हिशेब लंडनमध्ये फाउलर समितीपुढे मांडला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शेतकऱ्याचा सारा रुपयांत ठरलेला. तुम्ही रुपयाचाच भाव चढवलात. आकडा तोच ठेवून त्याच्याकडून तुम्ही जास्त धान्य काढून घेता. हा नवा करच आहे, फक्त त्याला कर म्हणत नाहीत. आपल्याकडे रयतवारीत सारा तीस-तीस वर्षांसाठी बांधलेला असे, त्यामुळे हे वाक्य किती खोल जातं ते पाहा. आणि सावकाराचं कर्ज? तेही रुपयांतच. गोखल्यांनी १९०२च्या अर्थसंकल्पावरच्या भाषणात दाखवून दिलं की सरकार ज्या शिलकेबद्दल पाठ थोपटून घेतंय ती बरीचशी या चढलेल्या हुंडणावळीतून आली आहे. सुबत्ता नव्हे, पट्टीची करामत. जाता जाता एवढं सांगतो, की गोऱ्या अधिकाऱ्यांना पडत्या रुपयाची झळ लागू नये म्हणून १८९३ सालीच खास हुंडणावळ भत्ता सुरू झाला होता. रयतेच्या तोड्यांना भत्ता नव्हता.

सरकारची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आम्ही मास्तर कसले? टांकसाळी उघड्या ठेवल्या असत्या तर रुपया आणखी पडला असता, लंडनचा खड्डा वाढला असता आणि तो भरायला उघड कर बसले असते. हे खोटं नाही. पण उघड कराला कोणी विरोध करू शकतो, तो कोणावर बसवायचा यावर भांडू शकतो. झाकलेल्या कराला ती सोय नसते.

आणि आता ज्यांच्यासाठी आम्ही हा विषय घेतला त्यांच्याकडे येतो. १९२३ साली लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशकाने एक पुस्तक काढलं: 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. लेखक भीमराव रामजी आंबेडकर, वय बत्तीस, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे डी.एस्सी. प्रस्तावना त्यांच्या प्राध्यापकांची, एडविन कॅनन यांची. त्यांनी मोकळेपणाने लिहिलंय की आपल्याला यातले बरेचसे युक्तिवाद पटत नाहीत, तरी लेखकाचे काही घाव अगदी वर्मी बसले आहेत. असा गुरू मिळायला भाग्य लागतं.

बाबासाहेबांचा रोख १८९३नंतर आकाराला आलेल्या व्यवस्थेवर होता: देशात चांदीचे रुपये आणि नोटा, आणि बाहेरच्या देण्यापुरतं सोन्याशी बांधलेलं नातं. केन्ससारख्या विद्वानाने तिची तारीफ केली होती. सोनं गावोगाव फिरवण्यापेक्षा हे शहाणपणाचं, असं त्याचं मत. बाबासाहेब म्हणाले, या व्यवस्थेत रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर आहे, आणि मर्जीला लगाम नाही. हुंडणावळ स्थिर आहे एवढ्यावर खूश होऊ नका. रुपयाने बाजारात किती विकत मिळतं ते बघा. त्यांनी सुचवलं की रुपये पाडणं सरकारलाही पूर्ण बंद करा, सोन्याचं नाणं पाडा, दोन्हींचा आपसातला भाव कायद्याने ठरवा. १९२५च्या डिसेंबरात हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी हेच सांगितलं.

पण आम्हाला त्यांचं दुसरं एक म्हणणं जास्त मोलाचं वाटतं. पडत्या रुपयाने देशाचा फायदा होतो, निर्यात वाढते, असं त्या काळचे आपले पुढारी आणि गिरणीमालक बोलत. बाबासाहेबांनी विचारलं, देशाचा म्हणजे कोणाचा? भाव चढतात, मजुरी मागे रेंगाळते. मालकाला जे मिळतं ते परदेशातून आलेलं नसतं, ते आपल्याच मजुराच्या खिशातून आलेलं असतं. एका वर्गाचा नफा, दुसऱ्या वर्गाचा तोटा.

इथे दादाभाई आणि बाबासाहेब समोरासमोर उभे राहतात. एकाला चढता रुपया जुलमी वाटतो, दुसऱ्याला पडता. कोण बरोबर? आम्ही यावर पुष्कळ डोकं घासलं. दादाभाईंच्या डोळ्यांसमोर ठरावीक सारा आणि कर्ज फेडणारा शेतकरी आहे. बाबासाहेबांच्या डोळ्यांसमोर ठरावीक मजुरीवर जगणारा माणूस आहे. आणि आपल्या पेण-अलिबागच्या खारपट्टीत हे दोघे एकाच घरात राहत होते, बहुतेकदा एकच माणूस होता! पावसाळ्यात तो कर्ज काढून भात लावी, उन्हाळ्यात मिठागरावर रोजाने राबे. रुपया चढला की कर्जात मार, पडला की मजुरीत मार. या माणसाच्या बाजूने कोणत्या धातूने उभं राहायचं? आमच्यापुरतं आम्ही एवढंच म्हणू, की पट्टी कोणाच्या मर्जीने हलते हा बाबासाहेबांचा प्रश्न जास्त मुळाशी जातो. पण कर्जाचा हिशेब दादाभाईंचाच खरा ठरला.

तो ठरला लवकरच. कमिशनने एक शिलिंग सहा पेन्सांचा, म्हणजे अठरा पेन्सांचा दर सुचवला. पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी सोळासाठी भिन्नमतपत्रिका जोडली. मार्च १९२७मध्ये दिल्लीच्या विधिमंडळात थोडक्या मतांनी अठरा पेन्स मंजूर झाले. त्याच मार्चमध्ये, २० तारखेला, बाबासाहेब आपल्या याच जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याची पायरी उतरत होते. सोळाचे अठरा म्हणजे कर्जाचं ओझं साडेबारा टक्क्यांनी जड. दोन वर्षांत जागतिक मंदी आली, भाताचे भाव कोसळले. सप्टेंबर १९३१मध्ये खुद्द इंग्लंडने सोनं सोडलं. रुपया मात्र त्याच अठरा पेन्सांना पौंडाच्या शेपटीला बांधलेला राहिला. मग खेड्यापाड्यांतून मोडीचं सोनं निघालं. पाटल्या, पुतळ्या, एकदाण्या, गाळून लगडी झाल्या आणि मुंबई बंदरातून बोटींवर चढल्या. १९३३ साली अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला आणि वर्षानुवर्षं जमीन कसायची नाकारली. त्याची मुळं खोतीत आहेत, एकट्या हुंडणावळीत नाहीत. पण त्या वर्षांत भाताला काय भाव होता हे पाहिल्याशिवाय तो संप पुरता समजत नाही. त्यावर बोलायला चरीचाच कोणी जाणकार बोलवा, आम्ही ऐकायला येऊ.

कारखान्याचे मालक मागे उभे आहेत, आम्हाला दिसताहेत. त्यांनी मघाशी आणखी एक विचारलं होतं, की माघात ठरलेला भाव श्रावणात परवडत नाही, तर ऑर्डर कशावर बांधावी? आम्हाला त्याचं उत्तर येत नाही. इथे बसलेल्यांपैकी कोणाला येत असेल तर त्यांनी आधी बोलावं, मग आपण प्रश्नोत्तरांकडे वळू.